उसनं भाषण

१२ मार्च

दादा,

'तीर्थरूप' लिहायला हात उचलत नाही आणि 'प्रिय' लिहिलं तर तूच हसशील, म्हणून नुसतं दादा. नमस्कार. वहिनीलाही नमस्कार सांग. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आता ती जिना चढते, हे तुझ्या लेकीकडून, भोंगाकडून कळलं. ऐकून बरं वाटलं, अगदी खरं सांगते. माझी तब्येत ठीक आहे. रक्तदाब गोळीवर आहे. मागच्या महिन्यात घराला रंग दिला. अकरा वर्षांच्या बातम्या एवढ्यातच संपल्या बघ.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्ये बोलतोस. पत्रात तुला शेवटपर्यंत गप्प बसावं लागेल.

तुझी मुलगी माझ्या वर्गात आहे हे तुला ठाऊकच आहे. भाषणकला हा विषय तिनं आपणहून घेतला. पहिल्या दिवशी हजेरी घेताना सत्तावीस नंबरला आवाज आला, "हजर, आत्या." सगळा वर्ग हसला. मीही हसले असते, पण तेव्हा मी पेन शोधत होते. आठ वर्षांची असताना पाहिलं होतं तिला, आता माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. जन्मली तेव्हा तिचं रडणं दवाखान्याच्या फाटकापर्यंत ऐकू आलं म्हणून आपल्या अण्णांनी तिला 'भोंगा' म्हटलं होतं, आणि आता बघावं तर ही पोरगी जमिनीशी बोलायची. वाक्याचं शेपूट गिळायची. ती खोड कोणाची ते सांगत नाही.

मी तिला सहा महिने घासूनपुसून घेतलं. आमच्याकडे पहिला धडा बोलण्याचा नसतोच. वर्गासमोर पूर्ण एक मिनिट नुसतं उभं राहायचं, हात लोंबते सोडायचे, हसायचं नाही, खोकायचं नाही. बाकीची मुलं वीस सेकंदांत कानाची पाळी ओढायला लागतात. ही मिनिटभर उभी राहिली. मग मी तिला मागच्या भिंतीवरच्या घड्याळाशी बोलायला लावलं. आधी घड्याळ, मग मागचा बाक, मग मधला, आणि शेवटी एकच माणूस. डिसेंबरात तिचा आवाज मोकळा झाला तेव्हा शेजारच्या वर्गातले हिशेबाचे सर दार लावून घ्यायला उठले. दादा, मला अभिमान वाटला. राग येईपर्यंत अभिमान वाटला.

आता मुद्द्यावर येते.

आमची वार्षिक परीक्षा पन्नास गुणांची असते. मांडणीला वीस, आवाजाला दहा, नजरेला दहा, वेळ पाळण्याला दहा. विषय आठ दिवस आधी चिठ्ठीनं मिळतो. भोंगाला चिठ्ठी आली, 'घरातलं गेलेलं माणूस'. आता चिठ्ठीच ती, कोणाच्या हातात थोडीच असते. दोन परीक्षक वेगवेगळे बसतात आणि आपापल्या कागदावर गुण मांडून कागद दुमडून ठेवतात. शेवटी दोन्ही कागद एकदम उघडायचे. फरक दहाच्या आत असेल तर सरासरी काढायची, जास्त असेल तर प्रकरण समितीकडे जातं.

माझ्याबरोबरचे परीक्षक म्हणजे रेडिओवरून निवृत्त झालेले निवेदक. त्या माणसाला चाळीस वर्षांत कोणाच्या बोलण्यानं पाझर फुटलेला नाही. त्यांनी भोंगाला शेहेचाळीस दिले आणि चष्मा काढून डोळे पुसले.

मी शून्य दिलं.

कारण तुला एव्हाना कळलं असेल. पोरगी उभी राहिली, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "माझे आजोबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. त्यांनी घरात कोणालाही कधी 'नीट बघ' असं म्हटलं नाही. ते नुसता आमचा चष्मा पुसून हातात द्यायचे." पुढे ते पावडर लागलेले पांढरे अंगठे. पुढे पहिला चष्मा लावल्यावर समोरच्या झाडाला पानं सुटी सुटी असतात हे कळलेलं मूल. "माझे बाबा तेव्हा सहा वर्षांचे होते," असं ती म्हणाली. इतक्या विश्वासानं म्हणाली की निवेदकांनी मान हलवली.

दादा, तुला चष्मा चाळिशीनंतर लागला.

सहाव्या वर्षी तो मला लागला होता. ते झाड मी पाहिलं होतं. ते भाषण मी अण्णांच्या शोकसभेसाठी चार दिवस बसून लिहिलं होतं, आणि तू दोनशे माणसांसमोर माझ्या हातातला कागद ओढून घेतलास, 'होते' चं 'होतो' केलंस आणि बोललास. नंतर चहाच्या वेळी तुझ्या साहेबांनी तुझा हात धरून विचारलं, "कुठून आणलंत हो हे शब्द?" मी तुझ्या डाव्या बाजूला बशी धरून उभी होते. तू म्हणालास, "आतून आलं."

अकरा वर्षं झाली, ते दोन शब्द माझ्या कानातून जात नाहीत. लोक अजून मला रस्त्यात थांबवून सांगतात, तुमचे बंधू काय बोलले होते हो त्या दिवशी! मी भाषण शिकवते हे त्यांना ठाऊक असतं. "तुम्हीच शिकवलंत वाटतं?" असंही एकानं गमतीनं विचारलं. मी राग गिळून हो म्हटलं.

आणि आता तू ते मुलीला दिलंस. तिच्या तोंडून मला कळलं की तुझ्या कपाटात ते टाइप करून, प्लास्टिकच्या फाइलीत ठेवलेलं आहे. "बाबांनी लिहिलेली एकच गोष्ट आहे घरात," असं म्हणाली.

आमचा नियम साधा आहे. भाषण दुसऱ्याचं निघालं तर शून्य, विषयात नापास, आणि वर्ष वाया. सुटकेची एकच वाट आहे. शब्द घरातल्याच कोणाचे असतील तर ज्याचे असतील त्यानं समितीसमोर यायचं आणि सही करून सांगायचं की शब्द माझे, मी दिले, हिला नियमाची कल्पना नव्हती. मग विद्यार्थ्याला दुसऱ्या परीक्षकांसमोर पुन्हा एक संधी मिळते. हा नियम चार वर्षांपूर्वी मीच लिहिला. तेव्हा तू मनात होतास की नाही हे मला सांगता येणार नाही.

तर एकोणीस तारखेला दुपारी तीन वाजता, दुसऱ्या मजल्यावर, प्राचार्यांच्या खोलीत ये. प्राचार्य असतील, अधीक्षक असतील, मी असेन आणि भोंगा असेल. तुला विचारतील, हे शब्द कोणाचे? एवढाच प्रश्न आहे. खरं सांगितलंस तर मी तिथल्या तिथे सही करीन आणि पोरीचं वर्ष वाचेल. तेवढं सोडून मला तुझ्याकडून काही नको. माफी तर नकोच, ती तू छान मागशील.

मला काय व्हायचं ते होईल. परीक्षकाचं विद्यार्थ्याशी नातं असेल तर ते वर्षाच्या सुरुवातीला कळवायचं असतं. त्या रकान्यात मी 'नाही' असं लिहिलं होतं. लिहिताना खोटं वाटलं नव्हतं.

वहिनीला म्हणावं, जिना चढताना आधी बरा पाय टाकायचा.

तुझी,
धाकटी


२७ मार्च

दादा,

काल वहिनीचा फोन आला होता. पोरगी जेवते, कॉलेजला जाते, कपड्यांच्या घड्या करते, पण आठ दिवस झाले तुझ्याशी अवाक्षर बोलत नाही. तू विचारून थकलास. शेवटी वहिनीनं मला विचारलं. तिला म्हटलं, मी लिहून कळवते. तिचा बिचारीचा यात काय दोष? म्हणून हे पत्र. कुशल वगैरे सगळं आहे असं समज.

एकोणीस तारखेला तू आलास. इस्त्रीचा शर्ट, हातात ती प्लास्टिकची फाइल. माझ्याकडे बघितलं नाहीस. प्राचार्यांनी विचारलं, "हे लेखन कोणाचं?" तू उभा राहिलास, बसून बोललास तरी चाललं असतं, पण उभा राहिलास, आणि म्हणालास, "माझंच. वडील गेले तेव्हा मीच बोललो होतो. दोनशे माणसं साक्षीला आहेत. मुलीला मीच दिलं, तिला नियम ठाऊक नव्हता. तिचं वर्ष वाचलं पाहिजे, बाकी माझं काही म्हणणं नाही." मूळ लेखक म्हणून सही ठोकलीस. घड्याळ पाहिलंस, ऑफिसात बैठक आहे म्हणालास, भोंगाच्या डोक्यावर हात ठेवलास आणि गेलास. आवाजाला दहापैकी नऊ. नजरेला शून्य.

माझं पत्र मिळालं नव्हतं असं तू म्हणू शकणार नाहीस. आला होतास म्हणजे मिळालं होतं. तू हिशेब केला होतास की पोरीचं वर्ष पणाला लागलेलं असताना ही तोंड उघडणार नाही. अकरा वर्षांपूर्वी उघडलं नव्हतं, आताही उघडणार नाही.

आता तू जिना उतरत असताना वर काय झालं ते ऐक.

अधीक्षकांनी कागद फाइलीला लावला. प्रकरण मिटलं होतं. तुझ्या खोट्यानं पोरगी सुटत होती, हे मला लख्ख कळत होतं. मी "ठीक आहे" म्हणून उठले असते तर तिला पुन्हा संधी मिळाली असती, तू तिचा बाप राहिला असतास आणि मी घरी जाऊन गोळी घेऊन पडले असते. एवढं सगळं मला त्या खुर्चीत बसून समजत होतं.

मी पिशवीतून माझा कागद काढला.

मूळ खर्डा रे. जुन्या निकालपत्रकांच्या पाठीवर लिहिलेला, खाडाखोडीचा. टेबलावर ठेवून म्हटलं, "हे शब्द माझे आहेत. मी या मुलीची आत्या आहे. आता ज्यांनी सही केली ते माझे थोरले भाऊ. त्यांची सही रद्द करा आणि माझी घ्या." प्राचार्य आधी माझ्याकडे, मग कागदाकडे बघत राहिले. मी मात्र भोंगाकडे बघत होते. तिनं कागद ओढून घेतला आणि वाचायला लागली. 'मी सहा वर्षांची होते' या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिनं वर पाहिलं. माझ्या चष्म्याकडे पाहिलं.

"आत्या, ते झाड तू बघितलं होतंस?"

"हो."

"आणि बाबा?"

"बाबाला तेव्हा चष्माच नव्हता."

दादा, तुझं उट्टं काढायला मी अकरा वर्षं थांबले होते. तुझ्या मुलीचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत पडला, तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते. एक दोन क्षणच असेल, पण इतकं बरं मला अण्णा गेल्यापासून वाटलं नव्हतं. तुझ्या लाडक्या लेकीनं तुला ओळखलं आणि तू खाली रिक्षा शोधत होतास.

तिनं कागद नीट घडी करून परत दिला. मग म्हणाली, "एक विचारू? चिठ्ठी."

अधीक्षक म्हणाले, "कसली चिठ्ठी?"

"माझ्यानंतर अठ्ठावीस नंबरवाल्यानं चिठ्ठी काढली तर त्यालाही हाच विषय आला. ती परत टाकून दुसरी काढली तरी हाच. आम्ही जाम हसलो होतो. म्हटलं, डब्यात एकच विषय भरलाय की काय." ती हसत नव्हती. "आत्या, भरला होतास?"

तीस वर्षं परीक्षा घेते मी. सगळा बेत नीट केला. भोंगाची पाळी आल्यावर टेबलाखालचा दुसरा डबा वर ठेवला. त्यात सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच विषय. तो विषय आला की पोरगी तुझ्याकडे धावणार आणि तू फाइल काढून देणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुला काय मी आज ओळखते? पण तिनं चिठ्ठी उघडली, वाचली, आणि माझ्याकडे बघून "आजोबा!" असं काही म्हणाली की मला डबा परत बदलायचं भानच राहिलं नाही. अठ्ठावीस आणि एकोणतीस त्याच डब्यातून गेले.

मागच्या पत्रात चिठ्ठी कोणाच्या हातात नसते असं लिहिलं होतं. ती माझ्या हातात होती. मी समितीसमोर तसं कबूल केलं.

आणि कबुलीच द्यायची तर अजून एक आहे. ही मी अजून कोणाला दिलेली नाही. शोकसभेत तू माझा कागद ओढून घेतलास असं मी अकरा वर्षं सांगत आले. तू ओढला नाहीस. मी बोलायला उभी राहिले आणि मला दातखीळ बसली. पहिल्या रांगेत माझेच तीन विद्यार्थी बसले होते. मी त्यांना वर्षभर सांगितलं होतं की आवाज फुटेना तर आधी श्वास सोडा. मी श्वास सोडला. काहीच आलं नाही. तू उठून माझ्या कानाशी आलास आणि म्हणालास, "दे, मी वाचतो. तू बस." इतक्या मायेनं म्हणालास. मीच कागद तुझ्या हातात दिला.

तेव्हा तू मला वाचवलंस. ते मला आठवायचं नव्हतं, कारण आठवलं असतं तर मला तुझा एवढा राग धरता आला नसता. तू वाचलंस याचा राग नाही. 'होते' चं 'होतो' वाचलंस याचाही असेल नसेल, घाईत झालं असेल. पण चहाच्या वेळी, बशी धरून मी तुझ्या शेजारी उभी असताना, एक वाक्य बोलायचं होतंस. "हिनं लिहिलंय." दोन सेकंद लागले असते. तू ते बोलला नाहीस, आणि पुढे अकरा वर्षं रोज बोलला नाहीस, आणि एकोणीस तारखेला मी पत्रानं हातात आणून दिलं तरी बोलला नाहीस. त्याला माझ्याकडे माफी नाही. आजही नाही.

समितीनं माझी सही घेतली. तुझ्या सहीवर लाल रेघ मारली. मला तीन वर्षं परीक्षक म्हणून बसता येणार नाही, शिकवता येईल. प्राचार्य म्हणाले, "बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." बरोबरच आहे त्यांचं.

चोवीस तारखेला भोंगाची पुन्हा परीक्षा झाली. मला त्या खोलीत जायला बंदी. निवेदक नुसते ऐकायला बसले होते, त्यांनीच नंतर येऊन सांगितलं. विषय तोच ठेवला होता, तिनंच मागून घेतला. कागद नाही, टिपण नाही. पाच मिनिटांपैकी तीनच मिनिटं बोलली. मांडणी नाही, मध्ये दोनदा अडली, नजर सुरुवातीला जमिनीकडेच. पहिलं वाक्य त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. "मला आजोबा आठवत नाहीत. त्यांच्याबद्दल मला जे ठाऊक होतं ते सगळं उसनं निघालं." पुढे म्हणाली की आजोबांची एकच आठवण माझी स्वतःची आहे, त्यांच्या शोकसभेला मी आठ वर्षांची होते, बाबा बोलत होते आणि सगळे बाबांकडे बघत होते, मी मात्र आत्याकडे बघत होते, कारण तिचे ओठ बाबांच्या बरोबर हलत होते. मला वाटलं होतं आत्याला ते आवडलं म्हणून ती पाठ करतेय.

मग थांबली. आभार वगैरे मानलेच नाहीत. जाऊन बसली.

एकतीस गुण मिळाले. पास झाली. निवेदक म्हणाले, माझ्या हातात असतं तर मी पन्नास दिले असते. मला माझे ओठ हलत होते हे ठाऊक नव्हतं.

वर्ष वाचलं तिचं. तू बोलला नाहीस म्हणून वाचलं, की मी बोलले म्हणून, ते तू ठरव. मी तुला मुलीसमोर उघडं पाडायचं ठरवलं होतं आणि पाडलं. जमलं सगळं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा कागद काढीन असं मला वाटतं. डब्याचं मात्र नाही सांगता येत.

परवा जिन्यात भेटली. मी खाली येत होते, ती वर जात होती. मी म्हटलं, "भोंगा, चांगली बोललीस असं ऐकलं." ती एका पायरीवर थांबली, माझ्याकडे सरळ, मी शिकवलं होतं तसं बघून म्हणाली, "थँक यू, मॅडम." आणि वर गेली. नऊ महिने वर्गात 'मॅडम म्हण' म्हणून सांगून थकले होते मी.

तुझ्याशी ती बोलायला लागेल तेव्हा तुला काय हाक मारते, ते मला कळवू नकोस.

तुझी बहीण,
आणि तुझ्या मुलीची मॅडम